जुन्या इंग्लिश चर्चच्या भिंतीत अधांतरी दार कशासाठी? (सफोकला जाणार आहोत, माहिती हवी)

विजापूरवेस

मंडळी, जरा मदत पाहिजे. माझी मुलगी सध्या इंग्लंडमध्ये सफोक भागात बरी सेंट एडमंड्स म्हणून गाव आहे तिथं नोकरीला आहे. सुट्टी मिळाली की आसपासच्या खेड्यांत फिरते आणि तिथली जुनी चर्चं बघते. तिथं म्हणे चार-पाचशे वस्तीच्या खेड्यातसुद्धा सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचं चर्च उभं असतंय आणि ते वापरातही असतंय. व्हॉट्सॲपवर रोज फोटो. आता मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडं जाणार आहोत, सोलापूरच्या उन्हातून सुटका हे एक कारण आहेच, पण तिथं जाऊन नुसतं "किती छान" म्हणत फोटो काढून परत यायचं नाही मला. बघितलेलं कळलं पाहिजे.

तर पहिला प्रश्न. एका फोटोत भिंतीत खाली माणूस जेमतेम वाकून आत जाईल एवढं छोटं दार आहे, त्याच्या आत दगडी गोल जिना, आणि तो जिना वर जाऊन जिथं बाहेर निघतो तिथं काहीच नाही. म्हणजे दहा-बारा फुटांवर भिंतीत दुसरं दार आणि दारापुढं सरळ हवा. ना गॅलरी ना फळी, पाऊल टाकलं की खाली. एवढा खर्च करून दगडात जिना काढणारी माणसं असं कशाला करतील?

बाकीचंपण एकदमच विचारून टाकते. वेदीजवळ उजव्या भिंतीत एक छोटा कोनाडा, त्यात दगडाचं बशीएवढं खोलगट भांडं आणि त्याला मधोमध भोक, हे काय? त्याच्या शेजारी भिंतीतच तीन दगडी आसनं, एक वर, एक जरा खाली, एक आणखी खाली. एके ठिकाणी कमानीशेजारच्या भिंतीला तिरकं आरपार भगदाड, पण कडा इतक्या व्यवस्थित घडवलेल्या की पडझड वाटत नाही. दाराजवळ मोठं दगडी कुंड आणि त्यावर लाकडाचं उंचच उंच नक्षीचं झाकण. आणि मुख्य म्हणजे भिंती एकदम कोऱ्या. देवाच्या जागी इतकं रिकामं बघायची आपल्याला सवय नाही, तर ते पहिल्यापासूनच असं साधं होतं का?

तिथल्या माहितीपत्रकात नुसती नावं असतात, कशाला काय ते नसतं. कुणी बघितलं असेल, अभ्यास केला असेल त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.


चुनाविटा

ताई, ते दार हीच त्या चर्चमधली सगळ्यात मोठी गोष्ट आहे त्यामुळे तिथूनच धरतो. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, आपल्याच जिल्ह्यात, आणि शिकायला काही काळ तिकडं होतो.

आधी इमारत समजून घ्या. चर्चचे मुख्य भाग दोन. पश्चिमेकडचा मोठा हॉल म्हणजे नेव्ह, तो लोकांचा, आणि पूर्वेकडचा छोटा भाग म्हणजे चॅन्सेल, तिथं वेदी आणि पाद्री. पंढरपूरला आपण सोळखांबीतून चौखांबीत आणि तिथून गाभाऱ्यात जातो तसंच इथं पूर्वेकडं जाल तसं सोवळं वाढत जातं. खर्चाची वाटणीपण त्याच रेषेवर झालेली, तेराव्या शतकापासून तर पक्कीच, की नेव्ह सांभाळायचा गावानं आणि चॅन्सेल सांभाळायचा रेक्टरनं, म्हणजे गावाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा ज्याला मिळायचा त्यानं. म्हणून कित्येक ठिकाणी नेव्ह उंच, ऐसपैस, मोठ्या खिडक्यांचा दिसतो आणि त्याला चिकटलेला चॅन्सेल बुटका आणि शंभर-दोनशे वर्षं आधीचा. गावाकडं पैसा आला, गावानं आपला भाग नवा बांधला, रेक्टरनं हात आखडता घेतला.

या दोन भागांच्या मधोमध लाकडी पडदी असायची, तिला रूड स्क्रीन म्हणतात. कमरेपर्यंतचा भाग बंद फळ्यांचा, त्यावर ओळीनं संतांची चित्रं, सोन्याचा वर्ख लावलेली, आणि वरचा भाग जाळीदार म्हणजे पलीकडचं दिसावं. पडदीच्या डोक्यावर आडवा सज्जा, आणि सज्ज्याच्याही वर येशूचा मोठा लाकडी क्रूस, एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला योहान. सज्ज्यावर चढून मेणबत्त्या लावायच्या, सणाला गायचं, लेंटच्या म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत क्रूस कापडानं झाकायचा. तुमचा जिना त्या सज्ज्यावर जायचा जिना आहे.

मग सज्जा गेला कुठं? आठव्या हेन्रीनं पोपशी संबंध तोडले हे आपण शाळेत शिकलो, पण गावातल्या चर्चच्या आत खरी उलथापालथ झाली ती त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या राज्यात, १५४७ पासून पुढं. मूर्ती काढा, क्रूस उतरवा, चित्रांवर चुना मारा. १५५३ मध्ये मेरी गादीवर आली, ती कॅथलिक, तिनं सगळं परत बसवायला लावलं आणि गावांनी परत पदरचे पैसे घालून क्रूस घडवले. १५५८ ला एलिझाबेथ आली, परत उलटं. १५६१ मध्ये हुकूम निघाला की वरचे सज्जे पाडा, खालची पडदी राहू द्या. लाकूड उतरवून नेणं सोपं असतं, भिंतीच्या पोटातला दगडी जिना कोण भरत बसणार, तो राहिला.

म्हणून माझं सांगणं असं आहे की या चर्चमध्ये जे आहे ते बघाच, पण जे काढून नेलंय त्याच्या खुणा आधी शोधा. तिथला अर्धा इतिहास रिकाम्या जागांमध्ये आहे. फरशीच्या शिळेत माणसाच्या आकाराचा उथळ खाचा आणि त्यात रिव्हेटची भोकं दिसली की तिथं मेलेल्या माणसाचा पितळी पत्रा होता, तो उचकटून विकला गेला. एखादा कोनाडा रिकामा आहे म्हणजे तिथं मूर्ती होती.

सफोकमध्येच आहात तर वेनहॅस्टनला जाच. तिथं चॅन्सेलच्या कमानीत फळ्या बसवलेल्या होत्या, चुना मारलेल्या. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी त्या काढून बाहेर दफनभूमीत टाकल्या, रात्री पाऊस झाला, चुना धुऊन गेला आणि खालून चित्र निघालं, शेवटच्या न्यायाच्या दिवसाचं. एका अंगाला स्वर्ग, दुसऱ्या अंगाला नरकाचा वासलेला जबडा, मधे मीखाएल देवदूत तराजूत आत्मे तोलतोय. माणसं सगळी नागडी, त्यात राजा आणि बिशपपण नागडेच, नुसता मुकुट आणि टोपी डोक्यावर शिल्लक. आणि याच चित्राच्या मधोमध कोऱ्या आकृत्या आहेत, एक क्रूसाची आणि बाजूला दोन उभ्या माणसांच्या. चित्रकारानं तेवढी जागा रंगवलीच नाही, कारण तिथं पुढं लाकडी मूर्ती उभ्या होत्या. मूर्ती कधीच्याच गेल्या, त्यांच्या कडा तेवढ्या फळीवर राहिल्यात. मी त्याच्यासमोर किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही.

कोऱ्या भिंतींचं उत्तर यातच आलं. मध्ययुगात आतून सगळीकडं गिलावा आणि गिलाव्यावर चित्रं. दक्षिणेच्या दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर भला मोठा संत ख्रिस्तोफर, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडताना, कारण त्याचं दर्शन झालं की त्या दिवशी अचानक मरण येत नाही ही श्रद्धा. सोळाव्या शतकात त्यावर चुना बसला. चुन्याखाली चित्र टिकतं, ते एक बरं. खरा घात झाला एकोणिसाव्या शतकात. नूतनीकरण करणाऱ्यांनी ठिकठिकाणी गिलावाच खरवडून काढला, उघडा दगड म्हणजे अस्सल जुनं असं त्यांच्या डोक्यात बसलेलं, आणि खरवडलेल्या गिलाव्याबरोबर चित्रं कायमची गेली. विल्यम मॉरिस या इंग्रज कवी आणि नक्षीकारानं १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली ती याच खरवडण्यावर चिडून. आपल्याकडं हेमाडपंती देवळाच्या खांबांना ऑइलपेंट फासतात तेव्हा मला मॉरिसचीच आठवण येते.

बाकीचे प्रश्न दुसरं कुणीतरी घ्या, उपासनेचं मला तेवढं कळत नाही.


ग्रेस_सोलापूर

काकू नमस्कार, भोक असलेलं भांडं आणि तीन आसनं मी सांगते. आमचं घर पिढ्यान्पिढ्या सोलापुरातलंच, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. आमच्या उपासनेत वचन आणि उपदेश मधोमध असतो म्हणून समोर पुलपिट म्हणजे उपदेशाचा उंच मंच, आणि प्रभुभोजनाला साधं मेज. त्यामुळं तुम्ही जे फोटोत बघताय त्यातलं बरंचसं आपल्या इथल्या चर्चमध्ये दिसणार नाही, कारण ती सगळी मांडणी मध्ययुगातल्या कॅथलिक मिस्साची, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेची आहे, जिथं मधोमध वेदी.

मिस्सा लॅटिनमध्ये, पाद्री लोकांकडं पाठ करून वेदीशी. भाकर आणि द्राक्षारस म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं ही श्रद्धा, १२१५ च्या रोममधल्या धर्मपरिषदेनं ती ठामपणे मांडली. आता हे मनात ठेवून ते भांडं बघा. त्याला पिसीना म्हणतात. पाद्री तिथं हात धुणार आणि प्याला विसळणार, आणि त्या पाण्यात पवित्र अंश असू शकतो म्हणजे ते कुठंही फेकून चालणार नाही, म्हणून भोकातून भिंतीच्या आतून थेट चर्चच्या पवित्र जमिनीत मुरायचं. काही ठिकाणी शेजारी शेजारी दोन भांडी दिसतात, तेराव्या शतकाच्या शेवटाकडची, एक हातांसाठी, एक प्याल्यासाठी. एवढी काळजी. नेव्हच्या भिंतीत किंवा बाजूच्या पाखीत, म्हणजे नेव्हला लागून असलेल्या बाजूच्या भागात, असलं भांडं सापडलं तर समजायचं तिथंपण एक वेदी होती, आता वेदी नाही पण भांडं राहिलंय. चुनाविटा दादांनी सांगितलं तसंच हे.

तीन आसनं म्हणजे सेडिलिया. मिस्सा चालवणारा पाद्री आणि त्याचे दोन मदतनीस, डीकन आणि सबडीकन. वेदीकडचं आसन वर, मग मानानं खाली.

तिरकं भगदाड मुद्दाम काढलेलं असतं. बाजूच्या पाखीतून मुख्य वेदी दिसत नाही, भिंत आड येते, म्हणून नजरेच्या रेषेत भिंत कोरून काढायची. मुख्य वेदीवर पाद्री भाकर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचा आणि घंटा वाजायची तो क्षण बघणं लोकांसाठी सगळ्यात मोठं होतं. प्रभुभोजन सामान्य माणसाला वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुमारास, बाकी वर्षभर बघण्यावरच समाधान. काही रूड स्क्रीनच्या खालच्या फळ्यांनापण भोकं पाडलेली सापडतात, गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. ते वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. आम्ही दर प्रभुभोजनाला सहज हात पुढं करतो.

दगडी वेद्या १५५० मध्ये काढायला लावल्या आणि लाकडी मेज आणली. पण वेदीच्या शिळेवर पाच छोटे क्रूस कोरलेले असतात, चार कोपऱ्यांत आणि एक मधे, आणि अशा शिळा कुठं कुठं फरशीत लावलेल्या सापडल्यात. चालताना खाली बघत चला.

कुंड म्हणजे बाप्तिस्म्याचं. दाराजवळच असतं कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. आतून शिसं लावलेलं, पाणी आशीर्वाद देऊन त्यातच ठेवायचे. ते पाणी लोक जादूटोण्याला चोरून न्यायचे म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपनं कुंडाला झाकण आणि कुलूप सक्तीचं केलं. काठावर दगड फुटलेला आणि लोखंडाचा गंज दिसला तर ती कडी-कोयंड्याची जागा. पुढं झाकणांचीच कला झाली. सफोकमध्येच अफर्डला एक आहे, साधारण अठरा फूट उंच, मनोऱ्यावर मनोरे, शेंड्याला पेलिकन पक्षी, आणि खालचा भाग वरच्यावर सरकतो त्यामुळं अख्खं झाकण उचलावं लागत नाही. १६४४ मध्ये विल्यम डाउझिंग नावाचा माणूस पार्लमेंटच्या हुकमानं सफोकच्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रकाचा फोडत हिंडत होता, रोजची नोंद ठेवत, तो अफर्डलापण आला, आणि हे झाकण त्याच्या हातून वाचलं.

आणि लाँग मेलफर्डला गेलात तर रॉजर मार्टिन या माणसाची आठवण ठेवा. लहानपणी त्यानं ते चर्च भरलेलं बघितलेलं, मग रिकामं होताना बघितलं, आणि म्हातारपणी आठवून आठवून सगळं लिहून ठेवलं, वेदीमागं काय कोरलेलं होतं, सज्जा कसा होता, मिरवणुका कुठून जायच्या. वेदीवरचं ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं कोरीव काम त्यानं घरात जपून ठेवलेलं, मोडकळीला आलेलं, आणि आपले वारस ते दुरुस्त करून परत चर्चमध्ये बसवतील अशी आशा त्यानं लिहिलीय. माझी परंपरा त्याच्यापेक्षा वेगळी आहे, मूर्ती आमच्यातही नाहीत, तरी हे वाचून त्याच्या बाजूनं जीव तुटतो.


मागवाला

लई भारी माहिती देताय सगळे. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही ती म्हणजे पैसा कुणाचा. आमचं घर मागाचं, चादरीचं, त्यामुळं माझं लक्ष आधी तिकडंच जातंय.

काकू, बरीपासून लॅव्हनहॅम गाडीनं अर्ध्या तासाच्या आत आहे. गाव लहान पण चर्चचा मनोरा १४१ फूट. हा मनोरा कापडाचा आहे. लॅव्हनहॅमचं निळं लोकरी कापड त्या काळात देशाबाहेर जायचं, वोड नावाच्या झाडाच्या पानापासून निळा रंग काढायचे. सगळ्यात मोठे व्यापारी स्प्रिंग घराणं. व्यापारी लोकर विकत घेणार, ती सूत काढायला घराघरांत देणार, मग विणकराला, मग रंगाऱ्याला, सगळे मजुरीवर, माल शेवटपर्यंत व्यापाऱ्याचा. थॉमस स्प्रिंग १५२३ मध्ये वारला, त्यानं मृत्युपत्रात मनोरा पुरा करायला २०० पौंड ठेवले, त्या काळी ही रक्कम प्रचंड. मनोऱ्याच्या शेंड्याला कठड्यावर चारी बाजूंनी स्प्रिंग घराण्याचं चिन्ह परत परत कोरलंय. खाली जमीनदाराचा, म्हणजे ऑक्सफर्डच्या अर्लच्या डी व्हीअर घराण्याचा तारा आहे. जुन्या सरदाराबरोबर कापडवाला त्याच भिंतीवर आला, ही केवढी मोठी गोष्ट झाली त्या काळात!

आत स्प्रिंगच्या कबरीभोवती कोरीव लाकडी पडदी आहे, ती नीट बघा, बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. हा पैसा नुसता नावासाठी नव्हता हेपण लक्षात घ्या. मेल्यावर आत्म्याला शुद्धिस्थानात यातना भोगाव्या लागतात आणि मागं राहिलेल्यांच्या प्रार्थनेनं त्या कमी होतात अशी श्रद्धा, म्हणून श्रीमंत माणूस चर्चमध्ये खोली बांधून तिथं आपल्यासाठी मिस्सा म्हणायला पाद्री नेमून ठेवायचा. लाँग मेलफर्डला तर बाहेरच्या भिंतीवर गारगोटीच्या दगडात अक्षरं बसवलीत, कुणी कुणी पैसे दिले आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करा म्हणून. १५४७ नंतर असल्या मिस्सा बंद, त्यांच्या जमिनी सरकारजमा.

आता विणकरांचं. १५२५ मध्ये आठव्या हेन्रीला फ्रान्सवरच्या लढाईसाठी पैसा पाहिजे होता, जबरदस्तीची वर्गणी लावली. कापडवाल्यांनी मजुरांना कामावरून काढायला सुरुवात केली, पैसा नाही तर काम नाही, आणि लॅव्हनहॅमला हजारो माणसं जमली. असं सांगतात की चर्चच्या घंटा वाजल्या की उठाव करायचा हे ठरलेलं होतं आणि एका श्रीमंत कापडवाल्यानं घंटांचे लोळकच काढून ठेवले. शेवटी राजाला वर्गणी मागं घ्यावी लागली. म्हणजे वर मनोरा पुरा होत आलेला त्याच सुमारास खाली तो मनोरा ज्यांच्या मजुरीवर उभा राहिला ती माणसं पोटासाठी रस्त्यावर. दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय मला ते चर्च पुरं बघितल्यासारखं वाटत नाही.

पुढं हलक्या कापडाची मागणी आली, धंदा दुसऱ्या गावांकडं गेला, लॅव्हनहॅम बसलं. पाडून नवं बांधायला कुणाकडं पैसा राहिला नाही म्हणून तर गाव आणि चर्च तसंच्या तसं राहिलंय. आपल्या सोलापुरातल्या जुन्या मिलच्या बाजूनं जाताना हे डोक्यात येतंच.


आर्कि_थर्डइयर

नमस्कार, मी सोलापुरातच आर्किटेक्चर करतोय, हिस्ट्रीच्या सबमिशनला पॅरिश चर्चचा प्लॅन आहे. सर म्हणतात नुसता प्लॅन काढू नका, कुठला भाग कधीचा ते दाखवा. चुनाविटा सर, खिडकीवरून काळ कसा ओळखायचा ते थोडक्यात सांगाल का?


चुनाविटा

थोडक्यात सांगतो. कमान अर्धगोल, खांब जाडजूड, कडेला नागमोडी नक्षी, तर नॉर्मन, म्हणजे १०६६ नंतरची शंभर-सव्वाशे वर्षं. कमान टोकदार, खिडकी उंच आणि अरुंद, जाळी नाही, तर अर्ली इंग्लिश, साधारण तेरावं शतक. खिडकीच्या डोक्यात दगडी जाळी, तिच्या रेषा वळणदार, तर डेकोरेटेड, चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. आणि खिडकी प्रचंड, दगडी पट्ट्या सरळ तळापासून कमानीपर्यंत उभ्या गेलेल्या, कमान वरून चपटी, तर पर्पेंडिक्युलर, तिथून पुढं धर्मसुधारणेपर्यंत. ही नावं थॉमस रिकमननं १८१७ मध्ये दिली, त्या गवंड्यांना यातलं एकही माहीत नव्हतं.

पण खिडकीवर विसंबू नकोस, जुन्या भिंतीत नवी खिडकी सर्रास बसवायचे. भिंत वाच. मनोऱ्याच्या पूर्व अंगाला नेव्हच्या आतून वर बघितलं तर पुष्कळदा उलट्या व्हीसारखी एक रेघ दिसते, ती जुन्या छताची. म्हणजे आधी छप्पर तिथं होतं, मग भिंती वाढवून वर खिडक्यांची रांग काढली, म्हणजे क्लिअरस्टोरी, आणि छत उचललं. बाजूच्या पाख्या तर जुनी भिंत उभी ठेवून तिच्यातच कमानी फोडून काढलेल्या असतात, वरची भिंत कमानीपेक्षा जुनी. प्लॅनवर हे वेगवेगळ्या हॅचिंगनं दाखव.

आणि चौदाव्या शतकात काम अर्धवट थांबलेलं दिसलं तर १३४८ ची प्लेगची साथ लक्षात घे. हर्टफर्डशरमध्ये ॲशवेलच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी लॅटिनमध्ये टोकदार हत्यारानं ओरखडून ठेवलंय, १३५० साल घालून, की साथीनंतर हालाखीत, भेदरलेले, गाळासारखे उरलेले लोक तेवढे साक्षीला राहिलेत. त्याच्याच खाली १३६१ च्या वादळाची नोंद आहे. सबमिशनमध्ये हे घालच, कुठल्याही एलिव्हेशनपेक्षा जास्त सांगतं ते.


विजापूरवेस

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला धागा पाठवला तर ती म्हणाली आई मी त्या जिन्यावर चढून फोटो काढला आणि मला काही माहीतच नव्हतं. आता शेवटचं विचारते, आम्ही ख्रिश्चन नाही तर आत गेलेलं चालतं का, कुलूप असतं का, आणि ह्यांचे गुडघे दुखतात तर बसायला असतं ना? लोक पूर्वी कुठं बसायचे?


नॉरिचकर

काकू, मी मूळचा सोलापूरचा, शेजारच्या नॉरफोकमध्ये राहतो, इथं तर साडेसहाशेहून जास्त मध्ययुगीन चर्चं उभी आहेत. बिनधास्त जा. बहुतेक चर्चं दिवसा उघडी असतात, आत कुणीही नसतं. दाराला मोठी लोखंडी कडी असते ती फिरवायची, जोर लावावा लागतो, कुलूप आहे समजून परत फिरू नका. पोर्चला जाळीचं दार असलं तर मागं ओढून घ्या नाहीतर पाखरं आत शिरतात. रविवारी सकाळी उपासना असते ती वेळ टाळा, किंवा सरळ मागं जाऊन बसा, कुणी काही म्हणत नाही. दानपेटीत जमेल तेवढं टाका, ही चर्चं अजूनही गावच्याच पैशावर उभी आहेत आणि छपराचं शिसं चोरीला जाणं हा मोठा त्रास आहे.

बसायला बाकं असतात. आधी नव्हती, लोक उभे राहायचे किंवा जमिनीवर गुडघे टेकायचे, म्हाताऱ्यांसाठी भिंतीलगत दगडी कट्टा. पंधराव्या शतकात लाकडी बाकं सर्वत्र झाली आणि सुतारांनी त्यांच्या टोकांवर जीव ओतला. ब्लायबर्गच्या चर्चला (लिहिताना ब्लाइथबर्ग) बाकांच्या टोकांवर माणसाची पापं कोरलीत, त्यात आळस म्हणजे अंथरुणातून न उठणारा माणूस. काकांना त्याच बाकावर बसवा. तिथल्या उत्तर दारावर जळाल्यासारखे डाग आहेत, १५७७ च्या वादळात काळा कुत्रा आला त्याचे ते पंजे असं गावात सांगतात. आणि वर बघा, छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत, अजून जुना रंग थोडा थोडा लागलेला.

म्हणून दुर्बीण न्या, साधी असली तरी चालेल. छत हेच पूर्व इंग्लंडचं वैभव, आणि ते टिकलं कारण फोडणाऱ्यांची शिडी तिथवर पोचत नव्हती. टॉर्चपण न्या, पडदीच्या खालच्या फळ्यांवरचे संत अंधारात असतात. उजेड तिरका धरला की चेहऱ्यावर ओरखडे दिसतात, डोळे मुद्दाम खरवडलेले.

थॉर्नहॅम पार्व्हा चुकवू नका. शाकारलेल्या छपराचं एवढंसं चर्च, आत चौदाव्या शतकातला वेदीमागचा रंगवलेला लाकडी फलक, १९२७ मध्ये एका तबेल्याच्या माळ्यावर सापडलेला.

आणि सुरुवात घरापासून करा. बरीतच सेंट मेरीचं चर्च आहे, मुलगी रोज त्याच्यावरून जात असेल. लांबलचक नेव्ह, छताला देवदूतांच्या जोड्या समोरासमोर, वेदीच्या दिशेनं मिरवणूक निघाल्यासारख्या. वेदीच्या डाव्या हाताला आठव्या हेन्रीची बहीण मेरी ट्यूडर पुरलेली आहे, फ्रान्सची राणी झालेली. ती १५३३ मध्ये गेली, आधी शेजारच्या मठात कबर होती, भावानंच मठ मोडले तेव्हा तिला इथं आणून ठेवलं. मठाचे पडके दगड बाहेरच बागेत आहेत, तिथंही बसायला भरपूर बाकं आहेत.